शेवंतीचा कान

वाचकहो, मांजराच्या अंगावरून हात फिरवीत बसणे हा वेळ घालविण्याचा अत्यंत निरुपद्रवी प्रकार आहे, असे माझे कित्येक वर्षांचे मत होते. गेल्या पौषातील एका संध्याकाळी ते डळमळले. दिवेलागण होऊन गेली होती. देवघरात सासूबाईंचे स्तोत्र चालू होते, आमची नऊ वर्षांची कन्या पाढ्यांशी झुंजत होती, आणि शेवंती नेहमीप्रमाणे माझ्या मांडीवर येऊन, चार वेळा स्वतःभोवती फिरून, अखेर माझ्यावर मोठे उपकार केल्याच्या ऐटीत विसावली होती. पिवळ्या-पांढऱ्या रंगामुळे हे नाव तिला मुलीने दिले. तीन पावसाळ्यांपूर्वी ती भिजलेल्या बोळ्यासारखी आमच्या पायरीवर आली आणि तेव्हापासून घर तिचे झाले. आम्ही तिच्याकडे राहतो.

तिच्या डाव्या कानामागून बोट फिरविताना ते एका दाण्यावर अडखळले. प्रथम वाटले, गवताचे कुसळ अडकले असावे. केस बाजूला सारून पाहिले तो राखाडी रंगाची, तुळतुळीत, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी गाठ. गाठ म्हणावे तर तिच्या बुडाशी बारीक पाय दिसत होते. गोचीड! मी हात असा झटकला की शेवंतीने डोळे उघडून माझ्याकडे तिरस्काराने पाहिले.

तुम्ही म्हणाल, एक गोचीड ती काय, आणि तिचा एवढा गवगवा कशाला? आमच्या आजोळी गोठ्यात गोचिडी निघत, तेव्हा आजी त्या वेचून विस्तवात टाकी आणि त्या फुटल्याचा आवाज ऐकून आम्ही मुले टाळ्या पिटीत असू. चिवट माणसाला गोचिडीची उपमा द्यावयाची एवढाच त्या प्राण्याचा आमच्या आयुष्याशी संबंध. परंतु मी आज ज्या गावात राहते, त्या गावात गोचीड हा शब्द कोणी हसत उच्चारीत नाही.

यांच्या बँकेतील बदलीमुळे आम्ही पाच वर्षांपूर्वी सागर येथे आलो. हे गाव कर्नाटकाच्या शिवमोग्गा जिल्ह्यात, जोगच्या धबधब्याच्या वाटेवर आहे. चहूकडे सुपारीच्या बागा, त्यांच्यामागे डोंगर, आणि डोंगरावर दाट रान. शेजारच्या सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे एक जंगल आहे. १९५७ साली त्या जंगलात माकडे पटापट मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतील माणसे कडक तापाने अंथरुणाला खिळू लागली. माकडे मरताहेत म्हणजे हा पीतज्वर तर नव्हे, या शंकेने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ धावून आले. (हे केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते, तेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था.) त्यांना आढळले ते निराळेच. रशियातील जंगलांत गोचिडींपासून होणाऱ्या एका मेंदूज्वराचा जो विषाणू, त्याच्या कुळातला पण जगाला तोवर अज्ञात असा एक नवा विषाणू त्यांच्या हाती लागला, आणि त्याचा वाहकही गोचीडच निघाला. क्यासनूरचे नाव अशा रीतीने वैद्यकाच्या ग्रंथांत गेले. इथली माणसे मात्र त्याला 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, एवढेच म्हणतात. पुढे तो सह्याद्रीच्या कुशीकुशीने पसरत गेला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे. २०१८ च्या डिसेंबरापासून तर आमच्याच सागर तालुक्यातील अरळगोडु भागात त्याने माणसे नेली. त्या दिवसांच्या आठवणी शेजारच्या अम्मा अजून आवाज उतरवून सांगतात.

तेव्हा माझा हात का थरथरला हे तुमच्या ध्यानी आले असेल. ही मांजरी रोज रात्री माझ्या मुलीच्या पांघरुणात निजत होती.

गोचीड काढावयाची कशी, यावर आमच्या अंगणात पाच मिनिटांत एक परिषद भरली. सासूबाईंचे मत रॉकेलच्या बोळ्याच्या बाजूने होते. अम्मांनी पेटती उदबत्ती टेकविण्याचा उपाय सांगितला. समोरच्या दुकानदाराने तंबाखू-चुन्याची शिफारस केली. ती त्यांच्या जवळ नेहमी तयारच असते. यांनी मात्र बँकेतील आपल्या एका मित्राला फोन केला. त्या मित्राच्या घरी गाई आहेत आणि गोठा ठेवण्याचे शिक्षण त्याने पद्धतशीर घेतले आहे. तो म्हणाला, यांपैकी काहीही करू नका. गोचिडीला चटका बसला किंवा ती गुदमरली, की ती पोटातले सारे जखमेत ओकते. म्हणजे जे टाळावयाचे तेच आपण हाताने घडवून आणतो. बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, कातडीला अगदी लगटून तिचे तोंड धरावे, पोट दाबू नये, पिळू नये, आणि हिसका न देता सरळ वर ओढीत राहावे.

चिमटा घरात होता. शेवंतीला टॉवेलात गुंडाळून मुलीने धरले, यांनी विजेरीचा झोत कानावर पाडला, आणि मी श्वास रोखून ओढू लागले. तुम्हाला वाटेल, हे क्षणाचे काम. पण गोचिडीच्या तोंडाची घडण विलक्षण असते. ते कातडीत रोवले जाते, आणि त्यावर मागे वळलेले काटे असतात, माशाच्या गळावर असतात तसे. शिवाय कित्येक जातींच्या गोचिडी लाळेबरोबर एक चिकट द्रव सोडतात, तो घट्ट होऊन तोंड जागच्या जागी डकविले जाते. त्याच लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात; म्हणूनच ज्याचे रक्त जात असते त्याला दिवसचे दिवस पत्ता लागत नाही. अर्ध्या मिनिटात ती निघाली, तोंडासकट. जाणकार सांगतात की तोंडाचा तुकडा आत राहिलाच, तर तो उकरून काढण्याच्या भरीस पडू नये. शरीर काट्यासारखा तो आपणहून बाहेर टाकते. तेवढी वेळ आमच्यावर आली नाही.

आजीचा विस्तव मला आठवला, पण मी तिला स्पिरिटच्या लहान बाटलीत टाकले, बाटलीवर तारीख चिकटविली, शेवंतीच्या कानाला साबणाच्या पाण्याचा बोळा लावला आणि आपले हात कोपरापर्यंत धुतले. नखाने चिरडण्याची सवय पुष्कळांना असते. ती फार वाईट, कारण तिच्या पोटातील रक्त आपल्या बोटांना लागते. बाटली ठेवण्याचा हेतू असा की पुढे आजार झालाच, तर चावणारी कोणत्या जातीची होती हे डॉक्टरांना पाहता यावे.

त्या बाटलीतील प्राण्याकडे मी पुढे दोन दिवस वारंवार पाहत होते. पाय आठ, म्हणजे ती कीटक नव्हे, कोळ्या-विंचवांच्या गोतावळ्यातील. अंड्यातून निघते तेव्हा मात्र तिला सहाच पाय असतात. एका जनावरावर रक्त पिऊन ती खाली गळून पडते, कात टाकते, आठ पायांची होते, दुसरे जनावर गाठते, पुन्हा गळते, आणि तिसऱ्यावर पोसून मादी हजारो अंडी घालून मरते. पोटभर रक्त प्यालेल्या मादीचे वजन मूळच्या शंभरपट होऊ शकते. मधल्या काळात अन्नावाचून महिनेच्या महिने काढण्याची तिची तयारी असते. तिला उडी मारता येत नाही, उडता तर येतच नाही. ती गवताच्या शेंड्यावर चढते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून वाट पाहत राहते. त्या पायांवर असलेल्या इंद्रियाने तिला येणाऱ्या प्राण्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. लॅटिन भाषेत एरंडाला जे नाव आहे, तो मुळात गोचिडीचाच शब्द म्हणे. एरंडाची बी पाहिलेल्या कोणालाही त्याचे कारण विचारावे लागणार नाही. काय धीर असेल हा, असे एकदा माझ्या मनात येऊन गेले आणि मग माझी मलाच लाज वाटली.

आमच्या घरात ती आली कोठून, याचा उलगडा अम्मांच्या अंगणात झाला. पौष-माघात इकडे डोंगरावरचा वाळला पाचोळा गोळा करून आणतात. त्याला 'दरगु' म्हणतात. तो गुरांखाली अंथरावयाचा, त्याचे खत सुपारीच्या मुळाशी घालावयाचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अम्मांच्या परसात त्या पाचोळ्याचा ढीग उन्हात तापत पडला होता, आणि आमच्या शेवंतीची दुपारच्या झोपेची जागा नेमकी त्या ढिगावर होती. मांजर अंग चाटून बहुतेक गोचिडी स्वतःच काढून टाकते; जीभ पोचत नाही त्या जागा राहतात. कान, मान, हनुवटी. म्हणूनच ही तेथे सुखरूप राहिली. आजाराच्या भागात पाचोळा घरी आणू नका, असे आरोग्यखात्याची माणसे सांगत असतात. अम्मांनी पाचोळा आमच्या दारच्या डोंगरावरूनच आणला होता, तिकडे माकड मेल्याचे कोणी ऐकले नव्हते. तरी मी त्या ढिगाकडे नव्या नजरेने पाहू लागले.

येथवर माझ्या हातून काही वावगे घडले नव्हते. पुढचे सांगताना लेखणी अडते; तरी ज्यासाठी लिहावयास बसले ते हेच.

तिसऱ्या दिवशी शेवंतीच्या कानामागे हरभऱ्याएवढी गुठळी झाली. गोचीड काढल्यावर अशी गुठळी येते आणि आठ-पंधरा दिवस राहूही शकते. पू होत नसेल, ती वाढत नसेल, जनावर खात-पीत असेल, तर नुसते लक्ष ठेवावे. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला त्या गुठळीत क्यासनूरचे अवघे जंगल दिसू लागले. मुलीला मी शेवंतीपासून दूर निजविले, त्यावर तिने रडून घर डोक्यावर घेतले. एक निघाली, पण आणखी दहा कोठे लपल्या असतील तर? आणि मला आठवले, की दिवाळीत भाऊजी हुबळीहून आपला कुत्रा घेऊन आले होते, तेव्हा त्याच्या मानेवर घालावयाच्या औषधाची एक कुपी आमच्या फडताळात विसरून गेले होते. मानेच्या मागे, कातडीवर, थेंब थेंब सोडावयाचे. महिनाभर गोचीड जवळ फिरकत नाही, असे ते सांगत होते. पाकिटावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत बरेच काही छापलेले होते. माझा चष्मा वरच्या खोलीत होता. कुत्रा मोठा आणि मांजर लहान, म्हणून अर्धीच कुपी घालावी, एवढा शहाणपणा मी केला आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मुलीने शेवंतीला धरले होते. "आता हिच्या अंगावर काही बसणार नाही," मी म्हणाले. "आता तुझ्याजवळ निजू दे हिला."

संध्याकाळचे पाच वाजले असतील. रात्री अकराच्या सुमारास मुलीने मला उठविले. शेवंती पलंगाखाली होती. तिचे कान आपोआप फडफडत होते, पाठीच्या कातडीवरून लाटा जाव्यात तसे काही जात होते, तोंडातून लाळ गळत होती. मी हात लावताच तिचे सारे अंग ताडकन् उडाले. उभी राहावयास गेली तो पाय लटपटून कोलमडली.

आम्ही तिला वेताच्या पेटाऱ्यात घातले आणि गावातील पशुवैद्यांचे दार वाजविले. दवाखान्याच्या माडीवरच ते राहतात. लुंगीवर सदरा चढवीत ते खाली आले. तीन दिवसांपूर्वी गोचीड काढली, हे यांनी सांगितले. मी बाटली पुढे केली. त्यांनी ती दिव्यापुढे धरून पाहिली, ताप मोजला. मांजराच्या अंगाची स्वाभाविक उष्णता साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. शेवंतीची १०४ च्या वर होती. गोचिडीपासून जनावरांच्या रक्तात शिरणारे काही जंतू असतात, त्यांपैकी काही आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी कानाच्या कडेला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. मग मला विचारले, "अंगाला काही लावले होते का?"

माझे कानडी कच्चे आहे. पण हा प्रश्न मला नीट कळला होता. "हळद लावली होती," मी म्हणाले.

ते खोटे नव्हते. हळद लावली होतीच. वाचकहो, मी हा प्रसंग पुष्कळदा मनात घोळवला आहे. सासूबाई घरी होत्या; हे शेजारी उभे होते; त्यांना कुपीचे माहीत नव्हते. अर्धी कुपी घातली असे म्हणावयाला जीभ रेटली नाही, कारण ते म्हणताच हे सारे माझ्या हाताचे ठरणार होते. आणि गोचिडीवर ठपका ठेवणे किती सोपे! डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. घड्याळाचा काटा सरकत राहिला. दहा मिनिटे, वीस मिनिटे. पेटाऱ्यात शेवंतीचे पाय वेताच्या काड्यांवर खडखड वाजत होते.

अर्धा तास गेला असेल. माझ्या पदराला धरून उभी असलेली मुलगी डॉक्टरांच्या टेबलाजवळ गेली आणि स्पष्ट कानडीत दोनच शब्द बोलली: "नायी मद्दु." कुत्र्याचे औषध.

डॉक्टरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि एक शब्दही रागाचा न बोलता गीझर लावला. कोमट पाणी, असे त्यांनी तीनदा बजावले. फार गरम पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि औषध आणखी आत ओढले जाते. गार पाण्याने अंग थंड पडले तर विषाचा जोर वाढतो. भांडी घासण्याचा पातळ साबण त्यांनी माझ्या हातात दिला, कारण औषध तेलकट असते आणि नुसत्या पाण्याने ते निघत नाही. मानेपासून शेपटीपर्यंत मी तिला दोनदा धुतले. तोवर त्यांनी स्नायू सैल पाडणारे इंजेक्शन भरले, शिरेतून सलाइन लावले, आणि दवाखान्यातील मोठा दिवा मालवून कोपऱ्यातला लहान दिवा ठेवला. उजेडाने आणि आवाजाने झटके वाढतात.

मग, पेटाऱ्याशेजारी बाकावर बसून, त्यांनी मला ते समजावून सांगितले. त्या कुपीत पर्मेथ्रिन नावाचे द्रव्य होते. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून पूर्वी कीटकनाशक पूड करीत. तिच्या धर्तीवर माणसाने बनविलेले हे रसायन. कुत्रा ते सहज पचवितो, कारण त्याचे यकृत त्याचा निचरा करते. मांजराच्या यकृतात त्या निचऱ्याची काही साधनेच दुबळी आहेत. तिचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगले; वनस्पतींतील विषे पचविण्याची गरज त्यांना पडली नाही, म्हणून ती शक्ती झिजत गेली, असे मानतात. अर्धी कुपी काय, कुत्र्यासाठी बनविलेल्या त्या तीव्र औषधाचे थोडे थेंबसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकतात. "आणि ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉल दिले नाही ना?" त्यांनी विचारले. दिले नव्हते. पण सासूबाई निघताना तेच म्हणाल्या होत्या, आणि पेटारा उचलण्याची घाई नसती तर मी अर्धी गोळी दुधात कुसकरली असती, यात शंका नाही. माणसाच्या लेकराला आपण निर्धास्तपणे देतो ती गोळी मांजराला विष आहे, आणि तीही याच कारणाने. कागदावर लिहिण्यासाठी मग त्यांनी मांजरीचे नाव विचारले. मुलीने सांगितले, त्याचा कानडीत अर्थही सांगितला. डॉक्टरांनी लिहिता लिहिता क्षणभर हात थांबविला, पण बोलले काही नाहीत.

पहिल्या रात्री झटके तीनदा आले. दुसऱ्या दिवशी कान तेवढे फडफडत राहिले. मी बँकेच्या वेळात दवाखान्यात बसे, संध्याकाळी हे येत. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोके उचलून बशीतील मासळीचे पाणी चाटले आणि लगेच पंजा चाटावयास घेतला. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या. मांजर स्वतःला स्वच्छ करू लागले, की आमचे काम संपले." मी त्यांच्याकडे क्षमा मागण्यासाठी वाक्य जुळवीत होते. माझ्या कानडीत ते जुळेना. त्यांनी फक्त एवढे म्हटले, की येणारे बहुतेक लोक हळदच सांगतात.

घरी यांना मी सारे सांगितले. हे थोडा वेळ गप्प राहिले आणि मग फडताळातील उरलेली अर्धी कुपी मागितली. चष्मा लावून मी तेव्हा प्रथमच त्या पाकिटावरचा मजकूर वाचला. कोपऱ्यात मांजराचे चित्र होते, त्यावर आडवी रेघ मारलेली. तेवढे पाहावयास चष्मा लागत नव्हता.

मुलीशी बोलणे अधिक कठीण गेले. तिने मला दोष दिला नाही. दोन दिवसांनी, वेणी घालून घेताना, पाठमोरी असतानाच तिने विचारले, "आई, तुला त्यांचा प्रश्न समजला नव्हता ना?" तिने मला एक सोयीचे दार उघडून दिले होते. मी म्हटले, "समजला होता." ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "वेणी फार आवळू नको."

आमच्या स्वतःबद्दलची माझी भीती डॉक्टरांनी पुष्कळशी दूर केली. माकडाच्या आजाराचा ताप मांजरापासून माणसाला लागत नाही, एका माणसापासून दुसऱ्यालाही नाही. गोचीड चावावी लागते, आणि माणसाला चावतात त्या बहुतेक अर्धवाढ्या, तिळाएवढ्या. म्हणजे नजर ठेवावयाची ती मांजरीवर नव्हे, स्वतःच्या अंगावर. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकाएकी कडक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर विनाविलंब रुग्णालयात जावे. मी कॅलेंडरवर आठ चौकोन आखले आणि रोज एक खोडीत गेले. रानात जाणाऱ्यांसाठी आरोग्यखाते अंगाला चोळावयाचे तेल देते. ते अम्मांनी मला आणून दिले. पाचोळ्याचा ढीग त्यांनी परसाच्या पार टोकाला हलविला. मी काही म्हटले नव्हते. शेवंतीची हकीकत त्यांच्या कानी गेली होती, आणि ती कोणी सांगितली हे मी विचारले नाही.

आता दर संध्याकाळी तिची तपासणी होते. बारीक दातांची फणी घ्यावयाची, हनुवटीपासून सुरुवात करावयाची, मग कानांच्या आत-बाहेर, काखा, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, शेपटीचे मूळ. हिरड्या गुलाबी आहेत की फिक्या, हेही पाहावयाचे. गोचिडी फार झाल्या, किंवा त्यांच्यापासून रक्ताचा आजार शिरला, तर तेथे प्रथम दिसते. ती किती खाते, किती निजते, याची मुलगी वहीत नोंद ठेवते. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले होते, ती तीन महिने ठेवते आहे. मानेवर घालावयाचे औषध आता मांजराचेच, वजन करून, डॉक्टरांच्या हातून. शेवंतीचे वजन सव्वातीन किलो भरले. पोत्याच्या काट्यावर ते होईना, तेव्हा मी तिला घेऊन आधी स्वतःचे वजन केले आणि नंतर एकटीचे. या व्यवहारात दोघींनाही अप्रिय अशी एक गोष्ट मला कळली, ती येथे सांगत नाही.

कानामागची गुठळी वीस दिवसांत जिरली. खपली पडली तेथे मुगाएवढी जागा काही दिवस उघडी राहिली. तीवर आता पांढरे केस आले आहेत, पूर्वी पिवळे होते. मात्र माझ्या मांडीवर ती एक महिनाभर आली नाही. दारातून मला पाहिले की थांबे, वास घेई, आणि वळून मुलीकडे जाई. आम्ही मग अशी तडजोड केली आहे, की मुलीने तिला मांडीवर घ्यावयाचे आणि मी समोर बसून फणी चालवावयाची. काल डाव्या कानामागे फणी गेली तेव्हा तिने मान थोडी माझ्या बाजूला कलती केली. मुलगी म्हणाली, "थांबू नको, तिला आवडतंय."